सहा बोटांचा पाय

अहमदाबाद
११ फेब्रुवारी २०१९

प्रिय किरीट,

जय श्रीकृष्ण. भावनगरची थंडी ओसरली असेल. सरलावहिनींचे गुडघे कसे आहेत? माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, म्हणून अक्षर निदान सरळ येतंय. एकतीस वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही.

परवा नयनाला घेऊन नव्या कलासंग्रहालयात गेलो. कायमच्या संग्रहाची चार दालनं आहेत. पहिल्यात गिरणीतल्या जुन्या बॉबिन छताला टांगल्यात. नयना म्हणाली, "अहो, असला माल आपल्या माळ्यावर पडलाय. घेतात का विचारा की!"

तिसऱ्या दालनात समोरच तुझं 'खाराघोडा'.

अचानक दिसलं, असं लिहिणार होतो. खोटं आहे. पेपरात वाचूनच गेलो होतो.

तुला कावीळ झाली तेव्हा त्या चित्राचा खालचा भाग मी पुरा केला, मिठागरातल्या बाईचे पाय. पुढे चित्रावर माझंही नाव हवं, यावरून भांडलो. "चित्र माझं आहे, वाटेल ते करीन," म्हणालास. तू माझं काम खरवडून टाकलंस असं मी धरूनच चाललो.

जवळ गेलो. पाय तसेच आहेत. घाईत उजव्या पायाला मी सहा बोटं काढली होती, तीसुद्धा.

पहाऱ्यावरच्या मधुबेन म्हणाल्या, "काका, जरा मागे. त्या बोटापाशी सगळेच वाकतात. चित्रकार आले होते तेव्हा मी विचारलं, चुकलं का हो? तर म्हणाले, माझ्या दोस्ताचं काम आहे ते, त्याला मी हात लावत नाही."

मी बाकावर बसलो. नयना घाबरली, "साखर उतरली का?"

आता खरं लिहितो. कॉलेजात तुझी नेमणूक ठरल्यात जमा होती. निवड समितीतल्या एकांनी मला विचारलं, "किरीट माणूस कसा?" मी म्हणालो, "दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवतो." जागा तुझी गेली, मला मिळाली. तू दुकानांच्या पाट्या रंगवून पोरं शिकवलीस.

रविवारी सकाळच्या बसने येतोय. फोन केला असता तर काही न विचारता "ये" म्हणाला असतास, म्हणून आधी हे लिहिलं. वहिनींनाही वाचून दाखव. मग दार उघडायचं की नाही, ते दोघांनी ठरवा.

तुझ्या खुर्चीत तेवीस वर्षं बसलेला,
जशवंत