रोजचे अकरा युनिट

४ ऑक्टोबर
वीज ४१२०६. गॅस ८७१३.

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद, आणि एक जास्तीचा, कारण तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले आणि उशीर माझ्याकडून झाला.

आकडे नेहमीसारखे वर लिहिले आहेत. चौतीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून मीटर वाचले. आता घरी बसलो तरी जिन्याखालच्या मीटरला तोंड दाखवल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही. तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा आजच्या आकड्यातून कालचा वजा केल्याशिवाय तुला पान मिळत नसे. आता तू दूर आहेस, म्हणून तेवढं काम टपालाने पाठवतो.

वीज आणि गॅस, दोन्हींचे दर पुन्हा चढले. या वर्षातली ही तिसरी वाढ. मी टेलिफोन काढून टाकला. निकड पडली तर खालच्या शिंपीकाकांच्या दुकानात फोन कर, ते वर येऊन सांगतील. तुझे पैसे पोचले, त्याशिवाय मागचं बिल भरता आलं नसतं.

आईची तब्येत आहे तशी आहे. उन्हाळ्यात ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं तेव्हापासून ती खोलीबाहेर पडलेली नाही. आंघोळीपुरतं सोडून नळी नाकावरून काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मशीन कोपऱ्यात बसून रात्रंदिवस घुमतं. आईने त्याचं नाव सवत ठेवलं आहे. ही सवत एकटी दिवसाला जवळपास साडेआठ युनिट खाते, बाकी सगळं घर अडीच. म्हणजे रोजचे अकरा.

तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते. नोकरीत असताना मी नुसते मीटर वाचले नाहीत, पक्कड घेऊन लोकांची वीज तोडलीसुद्धा आहे. तार तुटली की आधी फ्रिज थांबतो, मग घरातली माणसं बोलायची थांबतात. ती शांतता मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. आपल्या घरात ती झाली तर आईचं काय होईल, हा विचार बिल यायच्या आठवडाभर आधीपासून माझी पाठ सोडत नाही.

असो. वजाबाकी कर आणि लोभ चढत्या दराने ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. खारू, यांचं भ्यायलेलं पत्र वाचून तू भिऊ नकोस. यांना माझ्यापेक्षा मीटरची जास्त काळजी. सवतीचं आणि माझं बरं जमतं, ती बोलत नाही आणि मी थांबत नाही. तू जेवतेस ना वेळेवर? बेकरीत राहून उपाशी राहणारी तू एकटीच असशील. केसांना तेल लाव. – आई


११ ऑक्टोबर

ती. बाबांस व ती. आईस,

सा. न. वि. वि. (पिठाची पोती उचलून पाठ धरली आहे, तेव्हा साष्टांग मनातल्या मनात.)

वजाबाकी केली. मागच्या पत्रातला आकडा काढून दिवसांनी भागलं, अकराच आले. शाबासकी पाठवा.

आमच्याकडेही गॅसच्या दराने धुमाकूळ घातला आहे. मालकांनी सोमवारपासून दोनपैकी एक भट्टी बंद केली. निम्मे पाव म्हणजे निम्म्या माणसांपुरतंच काम, म्हणून आम्ही सगळे अर्धा दिवस काम करतो आणि अर्धा पगार घेतो. मी तर आता हवापालट करणारी बाई झाले आहे. दुपारी एकला मोकळी होते आणि खोलीवर गॅस लावायला नको म्हणून ओढून घेतलेल्या दोन रजयांत बसून तुम्हाला पत्र लिहिते. तुमचे पैसे मात्र ठरल्याप्रमाणे येतील, त्याची काळजी नको. माझा खर्च तो काय.

आई, तेल लावलं. सवतीला माझा नमस्कार सांग.

बाबा, भीती वाटली की लिहीत जा. तुमची माया आहे तितकी पुरे, फक्त वेळेवर पाठवा.

तुमची,
खारू


२५ ऑक्टोबर
वीज ४१४०७. गॅस ८७५१.

चि. खारूस,

आशीर्वाद. पत्र लगेच लिहायला बसलो, कारण आज सांगण्यासारखं काहीतरी चांगलं आहे.

गेले दहा दिवस आपण रोजच्या आठ युनिटांवर आलो आहोत. जिन्यातला दिवा काढला, स्वयंपाकघरात कमी पॉवरचा लावला, फ्रिजची कळ खाली फिरवली, इस्त्री बंद. खात्याने मला उगीच चौतीस वर्षं ठेवून घेतलं नव्हतं. शिवाय आईच्या आग्रहाने मी दहा ते पाच सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसतो. तिथे ऊब आहे, वर्तमानपत्रं आहेत, माझ्यासारखे आणखी सात-आठ म्हातारे आहेत. सगळे एकच पान तासभर वाचतात. घरी फक्त आईच्या पायाशी गॅसचा हीटर, तोही बारीक.

तुझ्या भट्टीची बातमी मी आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं की एक युनिट म्हणजे मशीन किती वेळ चालतं. मी सांगितलं, तीन तासांना थोडं कमी. तिला या वयात हिशेब शिकायची हौस आली याचं मला कौतुक वाटलं.

थंडी वाढते आहे. जपून राहा, लोभ कमी करू नकोस, तेवढी एक गोष्ट काटकसरीत धरलेली नाही.

बाबा

ता. क. खारू, मी ठीक. पैसे कमी पाठवलेस तरी चालेल, इथे आता बरंच वाचतं. – आई


२ नोव्हेंबर

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

तुमच्या पराक्रमाबद्दल अभिनंदन, पण मला हा हिशेब नीट समजावून सांगा. दोन दिवे, एक इस्त्री आणि फ्रिजची कळ मिळून अर्ध्या युनिटावर जात नाही, हे तुम्हीच मला सहावीत शिकवलं होतं. बाकी अडीच युनिट कुठून वाचले? मीटर बिघडलं असेल तर दाखवून घ्या. नाहीतर चार महिन्यांनी मागचं-पुढचं धरून एकदम बिल देतील.

आणि आईचं अक्षर असं का झालं? तिची ता. क. नेहमी तुमच्या पत्राला मागे टाकते. या वेळी दीड ओळ, आणि तीही उतारावरून घरंगळल्यासारखी.

डॉक्टर शेवटचे केव्हा आले होते ते लिहा. मी उगाच किरकिर करत असेन तर रागवा, पण उत्तर लवकर पाठवा.

तुमची,
खारू


१४ नोव्हेंबर
वीज ४१५३७. गॅस ८७९०.

चि. खारूस,

आशीर्वाद.

मीटर ठीक आहे. मी स्वतः तपासलं. जुनं मीटर आहे, त्याची चकती फिरताना दिसते, त्यात खोट नाही.

इथे थंडी फार आहे. समोरच्या इमारतीत दोन घरांची वीज तोडली. माणूस नवा होता. मी खिडकीतून पाहिलं आणि बाजूला झालो.

वाचनालय आता सातपर्यंत उघडं असतं, म्हणून मी सकाळी आठलाच निघतो आणि सातनंतर परततो. तिथला ग्रंथपाल भला आहे, लवकर दार उघडतो. डॉक्टर येऊन गेले त्याला महिना झाला. त्यांना बोलावलं तर फी पडते, आणि आई नको म्हणते.

तू कामात लक्ष दे. जास्त काही लिहिण्यासारखं नाही. लोभ असू दे.

बाबा

ता. क. ठीक आहे ग. – आई


१८ नोव्हेंबर

ती. बाबांस,

नमस्कार. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे, आईला वाचून दाखवू नका.

तुमचं पत्र आज सकाळी बेकरीत मिळालं. पिठाच्या हातांनीच वजाबाकी केली. वीस दिवसांत एकशे तीस. रोजचे साडेसहा. तुम्ही सकाळी आठला बाहेर पडता आणि सातला येता, म्हणजे अकरा तास. अकरा तास मशीन बंद ठेवलं तर किती युनिट वाचतात ते मी पावाच्या कागदावर मांडलं. उत्तर बरोबर आलं. बाबा, आयुष्यात पहिल्यांदा उत्तर बरोबर आलं म्हणून मी पीठ तसंच टाकून उठले.

मालकांच्या टेबलावरून शिंपीकाकांना फोन लावला. ते आधी म्हणाले की सगळं ठीक आहे. मग सहज सांगितलं की हल्ली दिवसा डोक्यावर घुमणं ऐकू येत नाही, त्यांना वाटलं आपण कमी आवाजाचं नवं मशीन घेतलं. मी त्यांना हात जोडून वर जायला सांगितलं आणि फोन धरून उभी राहिले. मागे लोक पावासाठी ताटकळत होते. सात-आठ मिनिटांनी ते परत आले, धापा टाकत. आईने दार उघडलं, पण उघडून तिथेच खाली बसली. ओठ निळे झाले होते. नळी खुंटीला टांगलेली होती, व्यवस्थित गुंडाळून. काकांनी मशीन सुरू केलं, नळी लावली, शिंपीकाकूंना जवळ बसवलं आणि डॉक्टरांना आणायला माणूस धाडला. तुम्हाला बोलवायला ते स्वतः वाचनालयात येणार होते.

आईने त्यांच्याजवळ एवढंच म्हटलं की पोरीची भट्टी बंद पडली आहे, सवतीचे एवढे लाड कशाला. म्हणजे माझ्या त्या पत्रामुळे. मी गंमत म्हणून लिहिलं होतं. आता ते पत्र पोस्टातून परत ओढून घ्यावंसं वाटतं.

मी २६ ला येते आहे. मालक म्हणाले, आत्ता गेलीस तर जागा राहील असं सांगता येत नाही. तरी येते. तोपर्यंत तुम्ही घराबाहेर पाऊल टाकू नका. आणि ज्या घरात असं मशीन आहे त्या घराची वीज तोडू नये यासाठी एक अर्ज असतो, तुम्हीच कधीतरी सांगितलं होतं. तो भरलात का?

बाबा, तुम्हाला तर कोणी वजाबाकी शिकवायला नको होती. तुम्हाला दिसलं कसं नाही? एवढंच मला कळत नाही.

खारू


२३ नोव्हेंबर
वीज ४१६१५. गॅस ८८०९.

चि. खारूस,

आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही ते तू ठरव. मी सवयीने लिहितो.

आधी आईचं सांगतो. पाच दिवस मशीन एक क्षण बंद झालेलं नाही. डॉक्टर दोनदा आले. ओठांचा रंग परतला आहे, बोलताना मात्र दोन शब्दांत थांबते. छातीवरचा ताण किती उतरेल हे महिन्याभराने कळेल, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघून मी पुढचं विचारलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला दिसलं होतं.

२५ ऑक्टोबरच्या त्या पत्राच्या आधीच दिसलं होतं. एके दिवशी पाचला घरी आलो, मशीन चालू होतं, पण पाठीवर हात ठेवला तर थंड. दिवसभर चाललेलं मशीन गरम असतं. माझी पावलं जिन्यात वाजली की ती सुरू करत असणार. मी हात काढून घेतला आणि चहा टाकला. मग तुला दिव्यांची आणि इस्त्रीची गोष्ट लिहिली. ती तुझ्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

मी मनाशी असं धरलं की बिल थकलं तर तार तुटेल आणि मशीन कायमचं थांबेल, त्यापेक्षा काही तास थांबलेलं बरं. हे मी कोणाला बोललो नाही, आईलाही नाही. तिला विचारलं असतं तर तिला थांबवावं लागलं असतं. वाचनालय सातपर्यंत उघडं असतं हे कळल्यावर मी पाचऐवजी सातपर्यंत बसू लागलो. ऊब होती म्हणून नव्हे. खारू, हे लिहिताना मला माझीच भीती वाटते.

अर्ज भरला नव्हता. आपल्याच जुन्या कचेरीच्या रांगेत उभं राहायची लाज वाटत होती. परवा शिंपीकाकूंना आईजवळ बसवून गेलो. खिडकीतल्या कारकुनाला मीच काम शिकवलं होतं. त्याने मान वर न करता कागद घेतला, ती त्याची दया होती. उत्तर अजून आलेलं नाही. बिल पुढच्या आठवड्यात येईल.

आकडे मात्र मी दर वेळी खरे लिहिले. खोटे लिहिता आले असते, दहा-वीस इकडेतिकडे. हात वळला नाही. कदाचित तू वजाबाकी करशील आणि जे मला तोंडाने विचारता येत नाही ते तू विचारशील, अशी आशा असेल. बापाने असं करू नये.

आता दिवसातून दहा वेळा जिन्याखाली जातो. पूर्वी चकती हळू फिरली की बरं वाटायचं. आता ती जोरात फिरताना दिसली की मी श्वास सोडतो, वर आईने घेतला असं कळतं म्हणून. मग पुन्हा वर येऊन बघतो.

२६ ला ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण आधी मीटर बघ आणि मग वर जा. या पत्रातला विजेचा आकडा लक्षात ठेव, त्यात तीसएक युनिट वाढलेले असतील. तेवढे नसले तर मला काही विचारू नकोस, धावत वर जा. राग आहे तेवढा राहू दे, लोभ तोडू नकोस.

बाबा

ता. क. खारू, सवतीला मी बंद करणार नाही, शपथ. पण भट्टी सुरू झाली का ते आल्यावर खरं सांग. यांना नको सांगूस, मला सांग. – आई