खिजरची एक पॉइंट चार

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय खिजर,

माझा सलाम, आणि बनाबाईकडनं सगळ्यांना रामराम.

अम्मींचे गुडघे कसे आहेत? नव्वदीत त्या जिना चढतात म्हणे, आणि मी सत्तरीतच कठडा शोधतो. चाँदबी वहिनींचा खोकला थांबला का? अडुळशाचा काढा घ्यायला सांग, तोंड वाकडं केलं तरी. मुबशिरा बरी आहे ना, लेकीच्या लग्नाच्या धावपळीत? आणि आपली नवरी? तुझी कंबर कशी आहे? मिक्सर दुरुस्तीला उचलताना वाकत जाऊ नकोस, बसून उचल.

इकडे सगळे ठणठणीत. बनाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिला घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे, त्यामुळे माझी काही खैर नाही.

नातीच्या निकाहाची पत्रिका पोचली. तिच्या पाठीमागं तू लिहिलंस, "फोटो तूच काढायचे. स्टुडिओ बंद केला म्हणून सुटका न्हाय. माजघरात अंधार हाय, फ्लॅश आण. त्या मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या नादाला पुन्हा लागू नको."

पण अम्मींना फ्लॅश सोसत नाही, हे विसरलास? मागच्या ईदला पदर डोळ्यांवर ओढून मला म्हणाल्या होत्या, "बाळासो, वीज पाडायची असंल तर शिवारात जाऊन पाड."

तेव्हा माझा जुना रेंजफाइंडर कॅमेराच आणणार. ना आवाज, ना उजेडाचा भपका. प्रश्न आहे तो लेन्सचा. आमच्या राजवर्धननं बापाच्या सत्तरीची भेट म्हणून नवी घेऊन द्यायचं मनावर घेतलंय आणि मोबाइलवर तीन लेन्सांची चित्रं पाठवलीत. एक पॉइंट एकची आहे, आकडा लहान तसं तोंड मोठं, त्यामुळे ती अंधारात मांजरासारखं बघते. पण तांब्याएवढी आहे. कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना अर्धी नवरी तिच्याच आड जाईल. शिवाय एवढं तोंड उघडलं की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धुक्यात. पाहुण्यांच्या वळवळीत ते माझ्याच्यानं साधायचं नाही. दुसरी दोनची, सुटसुटीत, पण तुझ्या माजघरात तिला उजेड पुरणार नाही, फोटो हलतील. राहिली एक पॉइंट चार. बेताची. मीठ बरोबर पडलेल्या आमटीसारखी.

हे सगळं मी बनाबाईला समजावून सांगत होतो. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आवं, एक पॉइंट चारची हाय की आपल्याकडं. ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात घालून ठेवलीया ती काय लाडू हाय?"

तुझीच लेन्स ती. तेवीस वर्षांपूर्वी मुबशिराच्या निकाहासाठी तू रात्रंदिवस खपून दुरुस्त केलेली. रोल कोरा निघाला. लेन्समधली उजेड आत सोडणारी पाती मिटलेली राहिली असतील, असं मी म्हणालो. तू उघडूनसुद्धा बघितली नाहीस. "माझ्याच हातानं बिघडलं," म्हणालास, लेन्स माझ्या हातावर ठेवलीस आणि तुझी ती बारीक हत्यारं फडक्यात गुंडाळलीस. तेव्हापासून तू कॅमेऱ्याला हात लावला नाहीस. नुसते मिक्सर आणि पंखे.

इथवर लिहून दोनदा चहा पिऊन आलो. आता लिहितोच.

पाती उघडी होती, खिजर. लेन्सवर टोपण होतं. आपल्या या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. टोपण असलं तरी खिडकीतून नवरी लख्ख दिसते. मी छत्तीस वेळा लख्ख बघितली. फोटो संपल्यावर टोपण बसवायला खिशात हात घातला, तर खिशात टोपणच नाही. मुबशिराची गाडी तेव्हा बोळाच्या तोंडाशी, उसाच्या ट्रॉलीमागं अडकून उभी होती. एक हाक मारली असती तर पोरगी परत आली असती. एवढ्या पाहुण्यांत माझं हसं होईल म्हणून गप्प बसलो, आणि आठ दिवसांनी तुझ्यासमोर त्या कोऱ्या रोलचं नवल वाटल्याचं सोंग केलं.

माझं हसं वाचलं, आणि तुझे हात गेले.

ती लेन्स पुढं मी चोरून वापरली. बनाबाई समईच्या उजेडात वाती वळत होती, तेव्हाचा एक फोटो सोबत जोडलाय. तिच्या पापण्यांचे केस मोजून घे. तुझ्या हाताचं काम आहे ते.

राजवर्धनला नवी नको म्हणून सांगितलं. अडचण एवढीच, तांदळात ठेवूनसुद्धा या पावसाळ्यात आत बुरशीची जाळी धरलीय. ती मी दुसऱ्या कुणाला उघडू देणार नाही. गडहिंग्लजच्या पहिल्या एसटीनं लेन्स घेऊन स्वतः येईन, पण तू ये म्हटल्यावरच. मग शिव्या दे, अम्मींच्या पुढ्यात उभा कर. हत्यारं मात्र काढून ठेव.

टोपणाला बनाबाईनं लाल दोरा बांधलाय. आता ते लोंबताना आंधळ्यालाही दिसेल.

निकाहाला वीस दिवस राहिलेत, आणि बुरशी काढायला तुला दोन दिवस लागायचे. तेव्हा चार ओळी का होईना, लगेच लिही. फोन नको करू. तुझ्या हातचं अक्षर बघायचं आहे.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
बाळासो