गेरूची रेघ

माय, तुझ्या डाव्या डोळ्याबद्दल लिहायचं आहे. तू होतीस तेव्हा हा विषय काढला की "जाऊ दे ना वं, एक हाय ना अजून," म्हणायचीस आणि उठून भाजी निवडायला बसायचीस. तुला जाऊन आता चौदा वर्षं झाली. आता तरी मधेच उठू नकोस, बस थोडी.

मागच्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात सेलूकडची एक बाई आली. मी तिथं रक्त-लघवी तपासते, हे तुला ठाऊकच आहे. बाईच्या कपाळावर फक्त एका बाजूला फोड, आणि त्यावर लालभडक गेरू फासलेला. डॉक्टर चिडले, "आधी हे पुसा, मला कातडी दिसू द्या." सिस्टर दुसरीकडे गुंतलेल्या, म्हणून कापूस मीच घेतला. अर्धंच पुसून मी कापूस खाली ठेवला, तशी बाईची सून म्हणाली, "मॅडम, तुम्हाले काय झालं?" काही नाही म्हटलं आणि बेसिनवर जाऊन हात धूत बसले. गेरू काही लवकर जात नाही, माय. नखात बसतो.

मी पायाळू. पायाकडून जन्मले आणि तुझा जीव जाता जाता राहिला. माझ्यावर रागावलीस की तू ते हमखास काढायचीस, "जलमतानाही सरळ नाई आली हे पोट्टी!" पण गावाला माझी पायाळूगिरी फार उपयोगाची वाटायची. कुणाच्या पाठीत उसण भरली की माझी लाथ, आणि कुणाला नागीण निघाली की माझ्या हातचा गेरू. सहाणेवर गेरू उगाळायचा, कडुलिंबाची काडी त्यात बुडवायची आणि फोडांच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ ओढायची. नागिणीचं तोंड शेपटीला भेटलं की माणूस गेला, असं सारं गाव मानत होतं, म्हणून रेघ. ती तीन सकाळी ओढायची, आणि ओढताना बोलायचं नाही. आठ वर्षांची होते तेव्हापासून मी हे करत आले. कळकट धोतर वर करून बसलेले म्हातारे माझ्यापुढं हात जोडायचे, बायका पदरातून गूळ काढून द्यायच्या. आणि बाप्पा, बरी व्हायची ना सगळी! दोन-तीन आठवड्यांत खपल्या धरायच्या आणि माझं नाव व्हायचं.

तुझ्याजवळ मात्र माझ्या हाताला काडीची किंमत नव्हती. सिंदीच्या बाजारासाठी आपण पालक-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसायचो, तेव्हा मी बांधलेली प्रत्येक जुडी तू माझ्यादेखत सोडायचीस आणि पुन्हा बांधायचीस. "सैल हाय." एवढंच. माझी भेंडी जास्त जून, माझी भाकर जाड, माझं झाडणं वरवरचं. मला राग यायचा, रडू यायचं, आणि तरी पुढची जुडी बांधून मी तुझ्याकडंच बघायची. एकदा तरी तशीच टोपल्यात ठेवशील म्हणून.

मग मी वर्ध्याला तपासणीच्या कोर्सला गेले. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबा गेले. तू चारचौघात रडली नाहीस. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी वांग्यांना पाणी द्यायला गेलीस. चौथ्या महिन्यात मी उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले तर तू कपाळाला ओलं फडकं बांधून बसलेली. "ऊन लागलं असन. आग होऊन राह्यली नुसती." दुसऱ्या दिवशी सकाळी फोड दिसले. डाव्या भुवईच्या वर घोसच्या घोस, आणि एक बारीक फोड नाकाच्या शेंड्यावर.

शेजारची काकू आली, तिच्या मागून आणखी दोघी आल्या. काकूनं न विचारता सहाण धुऊन आणली. "घरातच पायाळू, चिंता कायची?" मी म्हटलं, "माय, डॉक्टरले दाखवू ना." एकदाच म्हटलं, आणि तेही हळू. तू म्हणालीस, "तुह्या हातानं अख्ख्या गावाची बरी झाली, माही काऊन नाई होनार? वढ रेघ." आणि मी ओढली. पहिल्या सकाळी, दुसऱ्या सकाळी, तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी तुझा डोळा उघडेना. उघडला तर आत नुसता लाल. मग आपण वर्ध्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत द्यायच्या असतात, आधी आला असता तर डोळा बहुतेक वाचला असता. मग त्यांनी आवाज चढवला, "हा गेरू कोणी लावला?" मी तुझ्या बाजूलाच उभी होते, खांद्याला कॉलेजची बॅग. तू पटकन म्हणालीस, "म्याच लावला, सायेब. अडाणी मानूस." ते तुला बोल बोल बोलले आणि तू मान खाली घालून ऐकलंस. मी तोंड उघडलं नाही.

नंतर महिनाभर मी रोज तुझ्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकायची, आठवतं? तेव्हा तू विचारायला लागलीस. हे आलं कुठून? मी सांगितलं, बाहेरून नाही आलं. लहानपणी अल्लीपूरला, तुझ्या माहेरी, तुला माता आली होती ना, कांजण्या, तोच हा जंतू. फोड सुकले तेव्हा तो अंगाबाहेर गेलाच नाही. कातडीतून नसेत शिरला, नस धरून वर गेला आणि नसांच्या गाठीत जाऊन बसला. तू हातातली वांगी खाली ठेवलीस. "चाळीस वर्सं? चुपचाप बसून काय करे थो?" काहीच नाही करत, म्हटलं, तीच तर त्याची हुशारी. अंगात शिपाई फिरत असतात. आत काय काय बनतं त्याचे तुकडे प्रत्येक पेशी आपल्या दारावर टांगते, शिपाई ते बघून ओळखतात की आत चोर आहे. या खानदानातले जंतू तो तुकडा दारापर्यंत पोचूच देत नाहीत. आणि नसेत असताना तर हा काही बनवतच नाही, मग दारावर टांगणार काय? त्यातून शिपायांनाही तिथं जपून वागावं लागतं, नस एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. म्हणून ते पहारा देत राहतात. माणूस थकला, म्हातारा झाला, दुःखानं खचला की पहारा ढिला पडतो, आणि हा त्याच नसेवरून परत खाली उतरतो. तू एक वांगं पुन्हा उचललंस. मग म्हणालीस, "तुहा बाप गेला म्हून." मी थेंबांची बाटली बंद करत बसले.

एक गोष्ट ऐकून मात्र तू हसलीस. मी सांगितलं, ही नस अंगाच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टाही एकाच बाजूला येतो, मधली शीव सहसा ओलांडत नाही. तोंड अन् शेपटी तशीही भेटणार नसतात. "म्हंजे तुही रेघ फुकटच होती काय वं? अन् गूळ खाल्ला गावाचा!" आपण दोघी हसलो. हसता हसताच तू चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "हे सारं तुले तवा माहीत होतं काय?"

मी म्हटलं, "नाई माय. हे नंतर शिकवलं."

तू मान डोलावलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. बाजारातल्या लोकांना तू मोतीबिंदू बिघडला म्हणून सांगायचीस. एका डोळ्यानं रस्त्याचा अंदाज यायचा नाही, तरी नऊ वर्षं सिंदीचा बाजार केलास, टोपलं घेऊन उतरताना पायरी चुकायची आणि कुणी हात द्यायला आलं की खेकसायचीस. मी मात्र त्या दिवसानंतर गेरूला हात लावला नाही. गाव म्हणालं, शिकली अन् शिष्ट झाली.

हे पत्र कुठं टाकणार आहे मी? लिहून होईल आणि इथंच राहील. पण लिहायचं ते लिहिते. मला माहीत होतं, माय. दिवाळीच्या आधीच शिकवलं होतं आम्हाला. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका, हे वाक्य सरांनी दोनदा सांगितलं होतं आणि मी वहीत लाल पेन्सिलनं अधोरेखित केलं होतं. गाव काय म्हणेल म्हणून गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. काकू घाबरट, तिला मी दोन शब्दांत गप्प केलं असतं. खरं असं की अंगणात तू डोळे मिटलेस, तोंड वर करून माझ्यापुढं धरलंस, आणि मी रेघ ओढल्यावर म्हणालीस, "बराबर वढली." जन्मात पहिल्यांदा. मला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचं होतं, आणि तिसऱ्या दिवशीही. तुझा डोळा जात होता, माय, आणि त्या तिन्ही सकाळी मी खूश होते.