देवाला दिलेली मुदत

२ जून, सकाळ
भावोजींच्या फरशीच्या दुकानातली नोकरी सोडली. कायमची! काल गिऱ्हाइकासमोर म्हणाले, आमच्या मेहुण्याचा कान फार तयार, टिचकी मारून तडकलेली फरशी ओळखतो. डोकंच फिरलं. संगीतात एम.ए., तेही फर्स्ट क्लास, आणि फरशा वाजवू? आई म्हणाली, दुसरी मिळेपर्यंत तरी थांब. थांबणारे थांबतात.
देवाला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. आत्म्याला समाधान देणारं काम हवं. घराजवळ असल्यास उत्तम.

५ जून
मातीकामाचा क्लास लावला. खरा कलावंत एका कलेत मावत नाही.

९ जून
वाडगा केला. चाकावर देखणा होता, उतरवताना बसला. बाईंना स्पष्ट सांगितलं, तुमच्या मातीत दम नाही. त्या म्हणाल्या, बाकीच्यांचे याच मातीतून झाले. बाकीच्यांशी माझी तुलना? क्लास बंद. आईनं वाडगा मोरीत साबण ठेवायला घेतला. न विचारता!

१४ जून
संगीत शाळेत इंटरव्ह्यू. मुख्याध्यापिका दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणजे निवड पक्की. मुलांना आधी काय शिकवाल, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, गप्प बसायला. त्यांची पेटी बेसूर आहे, हेही लक्षात आणून दिलं. भारावल्या असाव्यात, नंतर बोलल्याच नाहीत.

२१ जून
नकार. म्हणे, लहान मुलांसाठी हसरा माणूस हवा. हसरा! मी काय विदूषकीचा डिप्लोमा केलाय? देवाकडे अजून नऊ दिवस आहेत. मी आठवण करून देणार नाही.

२८ जून
दुकानात परत गेलो. केवळ ताईचा संसार सुखाचा राहावा म्हणून. भावोजींनी चहा पुढे केला, एक शब्द काढला नाही. या माणसाचा चांगुलपणा असह्य आहे.

३० जून
मुदत संपली. देवाकडून काही नाही. ठीक आहे, मग माझ्याकडूनही नाही! रविवारच्या प्रार्थनेत पेटी मी, गायन मी. आजपासून दोन्ही बंद. प्रार्थनागृह सांभाळणाऱ्या काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बरं. नुसतं बरं! दोनदा तरी आग्रह करायचा असतो. रविवारी माझ्यावाचून कसा बोजवारा उडतो ते बाहेरून ऐकणार आहे.

६ जुलै
खिडकीखाली उभा राहिलो. सुरुवात भयंकर. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. जिवाला गार वाटलं. पण मग आवाज वाढतच गेला. एवढी माणसं गातात? माझ्या वेळी जेमतेम चारजण ओठ हलवायचे. एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर. कापरा, पण मोकळा. कोण ही, म्हणून टाचा उंचावून पाहिलं.
आई.
डोळे मिटून, चेहरा वर करून. कितीतरी वर्षांत तिला गाताना ऐकलं नव्हतं.
घरी जाब विचारला. इतकी वर्षं गप्प का? कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "पूर्वी गायचे की. तू पास झालास आणि भीती वाटायला लागली. सूर चुकला की तू मान हलवतोस ना, त्याची."
मी मान हलवतो? साफ खोटं, असं म्हणून मी मान हलवली. घडी घातलेला टॉवेल पुन्हा झटकून तिनं परत घडी घातली.
जेवलो नाही. कोणीही विचारलं नाही.

१३ जुलै
प्रार्थनेला गेलो. देवाशी अबोला आहेच. आईला सोबत म्हणून. पेटीवर पोस्टातल्या बाई, बोटं लाकडाची. काका म्हणाले, आलास, दार लाव, वारा येतोय. लावलं. शेवटच्या रांगेत बसलो.
आई गायली. पंचम उतरला. चांगलाच उतरला. दुसऱ्या ओळीतही उतरला. मी दोन्ही हातांनी मान धरून ठेवली.
शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, लचकलीय का?
हो म्हणालो.