तुमचा डावा हात

मी तुम्हाला सर म्हणायचो आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, मी कुणाचा सर नाही, मी आवाज मोजणारा माणूस आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली तरी मला दुसरी हाक सुचत नाही. गेल्या महिन्यात तुमच्या मुलीचा मेल आला. जुन्या हॉस्पिटलमधल्या कुणीतरी तिला माझा पत्ता दिला होता. मी आता सौदीतच, खोबर शहरात, एका लहानशा क्लिनिकमध्ये असतो, काम तेच, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलवायचे. तिनं लिहिलं होतं की तुमच्या जुन्या बँडची दुसरी रेकॉर्ड पुन्हा निघते आहे, जगभरची तरुण मुलं ती ऐकतात, तुमच्यावर लेख येतात. पण सगळे लेख एका जागी येऊन थांबतात: 'त्यानंतर ते सौदी अरेबियात नोकरीला गेले.' तिला विचारायचं होतं, बाबांनी तिथे गिटार हातात घेतली होती का, की फक्त नोकरीच केली? मी तो मेल दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचला. पुढचा पेशंट, इजिप्तचा एक म्हातारा, दारात उभा राहून दोनदा 'यल्ला, दुक्तूर', चला डॉक्टर, म्हणाला तेव्हा मी फोन खाली ठेवला.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला नीट आठवतो. रास तनुराच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीचे तुम्ही कर्मचारी. पंप, कॉम्प्रेसर यांचा आवाज किती आहे, तिथे उभं राहणाऱ्या कामगाराचे कान किती तास टिकतील, हे मोजायचं तुमचं काम. हलका स्ट्रोक येऊन गेलेला, चेहरा सावरलेला, पाय ठीक, फक्त डावा हात मागे राहिलेला. माझे पेशंट पहिल्या दिवशी विचारतात, जेवता कधी येईल, गाडी कधी चालवता येईल. तुम्ही डाव्या हाताची करंगळी माझ्यासमोर धरलीत आणि विचारलंत, "ही इथून इथपर्यंत कधी जाईल?" आणि उजव्या हाताच्या बोटांनी हवेत दोन इंचांचं अंतर दाखवलंत. मी म्हणालो, "कशासाठी?" तुम्ही म्हणालात, "गिटारसाठी. दुसरं काय असणार?"

आठवड्यातून तीन दिवस तुम्ही रबराचा चेंडू दाबत बसायचात आणि बोलायचात. तुमचे वडील पोलादाच्या कारखान्यात फिटर होते. महायुद्धानंतरचं तुमच्या देशातलं ते गाव अर्धं पडकं होतं आणि अमेरिकन सैनिकांच्या क्लबात तुम्ही सोळाव्या वर्षी नाचाची गाणी वाजवायला लागलात. मग एक दिवस तुम्हाला ती गाणी आपली वाटेनाशी झाली. "दुसऱ्याचा कोट घालून किती दिवस फिरायचं?" असं म्हणाला होतात. चौघं मित्र मिळून एका बंद पडलेल्या दूध डेअरीत राहायला गेलात. फरशीवर गाद्या, एकच शेगडी, आणि दिवसभर वाजवणं. एकच सूर चाळीस मिनिटं. तो कंटाळवाणा होतो, मग असह्य होतो, आणि त्याच्याही पलीकडे गेलं की त्यात सगळं ऐकू यायला लागतं, असं तुम्ही म्हणायचात. एका गावच्या सभागृहात लोकांनी बाटल्या फेकल्या. पहिली रेकॉर्ड कुणी ऐकली नाही. दुसरी थोड्यांनी ऐकली, पण जिवापाड ऐकली. मग तुम्ही गिटार गळ्यात अडकवायची सोडून टेबलावर आडवी ठेवायला लागलात, तारांत खिळे आणि रबराचे तुकडे अडकवायला लागलात, आणि बाकीचे तिघे म्हणाले, आता हे आम्हाला झेपणार नाही. त्यानंतर एकट्यानं काही रचना केल्यात, रेडिओसाठी, दोनतीन माहितीपटांसाठी. मग फोन येणं थांबलं. मुलगी लहान होती. तुम्ही आवाज मोजण्याचा कोर्स केलात आणि आखातात आलात. हे सगळं तुम्ही एखाद्या दुसऱ्या माणसाविषयी सांगावं तसं सांगायचात, तक्रारीचा सूर न लावता, आणि मध्येच विचारायचात, "चेंडू किती वेळा झाला?"

तुम्ही माझ्यावर एकदाच ओरडलात. मला प्रत्येक व्यायामानंतर 'व्हेरी गुड, सर' म्हणायची सवय होती. आम्हाला तसं शिकवलेलंच असतं. तुम्ही चेंडू भिंतीवर फेकलात. "व्हेरी गुड म्हणू नकोस. तू माझ्या हाताकडे बघतही नव्हतास. काय दिसलं ते सांग. बरं नसेल तर बरं नाही म्हण. मी आयुष्यभर टाळ्यांशिवाय राहिलोय, तुझ्या टाळ्या नकोत." शेजारच्या पडद्यामागच्या पेशंटनं डोकं बाहेर काढून पाहिलं. मला राग आला होता, लाजही वाटली. पण त्या दिवसापासून मी तुमच्या हाताकडे खरंच बघायला लागलो, आणि महिन्याभरानं मीच सांगितलं की करंगळी तिथपर्यंत जाणार नाही. तुम्ही मान हलवलीत. "छान," तुम्ही म्हणालात. "मग मला दुसरा डावा हात लागेल. गुरुवारी दुपारी काय करतोस?"

आमच्या घरात वाद्य नव्हतं. दापोलीजवळच्या आमच्या गावात अब्बांना गाणंबजावणं घरात चालत नसे. मी शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवायला उभा राहिलो होतो तेव्हा त्यांनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. तरी मी तुमच्या कंपाऊंडमधल्या घरी आलो, बायकोला घेऊन, कारण गुरुवारी, तेव्हाच्या इथल्या सुट्टीच्या दिवशी, तिला एकटीला घरी बसवणं बरं दिसलं नसतं आणि तेव्हा तिला पाचवा महिना होता. जेवणाच्या टेबलावर गिटार आडवी. शेजारी खोबरच्या सूकमधून, बाजारातून, आणलेला बॅटरीवर फिरणारा हातपंखा, एक पितळी दांडी, आणि टेपरेकॉर्डर. रेकॉर्डरमधून तुम्ही कामावर टेप केलेला कॉम्प्रेसरचा घुमारा. तुम्ही उजव्या हातानं पंख्याचं पातं तारांना हलकं लावायचात, तारा गुणगुणायला लागायच्या, आणि तुम्ही मानेनं खुणावलं की मी दांडी तारांवरून सरकवायची, इतकी हळू की ती सरकते आहे हे मलाच कळू नये. "घाई नाही. ते यंत्र कुठे पळून जात नाहीये." दांडी एका जागी आली की गिटारचा सूर आणि यंत्राचा सूर एकमेकांत मिसळून जात आणि खोलीत तिसराच आवाज उभा राही, जो आम्ही दोघंही वाजवत नव्हतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी घाबरून दांडी उचलली. तुम्ही हसलात. "तोच. त्याच्यासाठीच सगळं."

माझी बायको सोफ्यावर बसून खजूर खात होती. अर्ध्या तासानं तिनं मला मराठीत विचारलं, "अहो, ह्यांचं गाणं सुरू कधी होणार?" तुम्ही विचारलंत ती काय म्हणाली. मी टाळाटाळ केली, तुम्ही सोडलं नाहीत, म्हणून भाषांतर करून सांगितलं. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. "तिला सांग, बाटल्या फेकणाऱ्यांनीही हेच विचारलं होतं. फक्त तिच्याइतक्या प्रेमानं नाही." पुढच्या गुरुवारी ती तुमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण घेऊन आली. तुम्ही भाकरी उजव्या हातानं तोडायला शिकलात आणि म्हणालात की इतक्या दिवसांच्या व्यायामात हाच एक कामाचा.

रचनेचे सात भाग होते. चार झाले. मग कंपनीकडून तुमच्या तंदुरुस्तीचा फॉर्म आला.

तो फॉर्म फिजिओथेरपिस्टनं भरायचा आणि डॉक्टरनं खाली सही करायची, अशी पद्धत होती. खाली तीन चौकटी: 'कामासाठी योग्य', 'कामासाठी अयोग्य' आणि 'उपचार चालू, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी'. तुम्ही मला आडवळणानं काही विचारलं नाहीत. सरळ म्हणालात, "तिसऱ्या चौकटीत खूण कर. खोटं लिहू नकोस, उपचार चालूच आहेत. मला सहा आठवडे हवेत. नंतर त्यांनी मला घरी पाठवलं तरी चालेल." मी 'बघतो' म्हणालो. ते म्हणताना मला ठाऊक होतं की मी तसं करणार नाही. त्याच वर्षी आमच्यातल्या एका केरळी सहकाऱ्यानं एका ड्रायव्हरच्या फॉर्मवर तिसरी चौकट भरली होती. ड्रायव्हर कामावर पडला, कंपनीनं हॉस्पिटलला जाब विचारला, आणि पंधरा दिवसांत सहकाऱ्याचा व्हिसा रद्द होऊन तो कोझिकोडला परतला. माझ्या इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपत आली होती. बाळंतपण इथेच करायचं ठरलं होतं. तुम्हाला मीटर हातात घेऊन शिड्या चढाव्या लागत आणि डाव्या हाताची पकड अपुरी होती, हे खरंच होतं. तुम्हाला खालच्या मजल्यावर हलकं काम देता आलं असतं, हेही खरं होतं, आणि तसं लिहायला फॉर्मवर जागाही होती. मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. डॉक्टरांनी न वाचता सही केली.

आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो, "सर, मी तिसरी लिहिली होती. डॉक्टरांनी बदललं."

तुम्ही हातातला चेंडू खाली ठेवलात. मग म्हणालात, "डॉक्टरांचा नाइलाज असेल." एवढंच. दोन आठवड्यांत तुमचं फायनल एक्झिट झालं, देश कायमचा सोडण्याचा शिक्का पासपोर्टवर बसला. शेवटच्या दुपारी घरात खोकी बांधलेली, टेबल विकून टाकलेलं, गिटार तिच्या पेटीत. तुम्ही झालेल्या चार भागांच्या कॅसेट माझ्या हातात दिल्यात. "एक जोडी माझ्याकडे आहे. ही तुझी. यात अर्धे हात तुझे आहेत." तुम्ही मला मिठी मारलीत, उजव्या हातानं घट्ट आणि डाव्यानं जमेल तशी. बायको रडली. मी रडलो नाही. गाडीत ती म्हणाली, "त्या डॉक्टरला काही काळीज आहे की नाही?" मी एसी वाढवला.

आठ महिन्यांनी तुमच्या एका सहकाऱ्यानं फोन करून सांगितलं की तिकडे दुसरा झटका आला आणि त्यातून तुम्ही उठला नाहीत. बाकीचे तीन भाग झाले नाहीत, हे मला न विचारताच कळलं. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. आता ती नोकरी करते, स्वतः गाडी चालवत कामावर जाते, आणि समुद्राकाठी कॉर्निशवर कार्यक्रम असला की मैत्रिणींबरोबर संगीत ऐकायला जाते. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. तुमच्या मुलीचा मेल मी तिला दाखवला तेव्हा तिनं फोनवर तुमचं नाव शोधलं आणि ओरडली, "अब्बा, ही इज अ लेजंड! तुम्ही ह्यांना ओळखत होता? व्हाय डिडन्ट यू एव्हर टेल मी?" मी म्हणालो, पेशंट होते. तिनंच कुठूनसा कॅसेट प्लेअर मिळवला, चारही भाग कॉम्प्युटरवर उतरवले आणि तुमच्या मुलीला पाठवले. उतरवताना ती शेवटपर्यंत ऐकत बसली होती. मला त्या खोलीत बसवेना. मी स्वयंपाकघरात बायकोला कोथिंबीर निवडून देत होतो आणि दाराआडून तो तिसरा आवाज येत होता. बायको म्हणाली, "हे त्यांचंच ना?" आणि मग, थोड्या वेळानं, "आता ऐकायला बरं वाटतंय."

तुमच्या मुलीचं उत्तर परवा आलं. तिच्याकडची जोडी सापडतच नव्हती, म्हणून तिनं फार आभार मानले होते. हे चार भागही रेकॉर्डवर काढून त्यावर माझं नाव छापायचं म्हणते. आणि सोबत तिनं एका कागदाचा फोटो पाठवला होता, तुमच्या स्वरलिपीच्या वहीत घडी घालून ठेवलेला. तो फॉर्म. कंपनीनं तुम्हाला त्याची प्रत दिली होती, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. दुसऱ्या चौकटीत खूण, माझं अक्षर, माझी सही, कुठे काही बदललेलं नाही. वर प्रत तुम्हाला दिल्याचा कंपनीचा शिक्का आहे, मी तुमच्याशी खोटं बोललो त्याच्या आदल्या दिवसाचा. म्हणजे 'डॉक्टरांचा नाइलाज असेल' म्हणालात तेव्हा हा कागद तुमच्या खिशात होता. तिनं कागदाच्या मागच्या बाजूचाही फोटो पाठवला आहे. तिथे तुम्ही पाचव्या भागाचा आराखडा काढला आहे. वरच्या ओळीवर उजवा हात असं लिहून पंख्याच्या खुणा, आणि खालच्या ओळीवर, जिथे डावा हात लिहायचा, तिथे माझं नाव.

तो कागद मी क्लिनिकच्या संगणकावर मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. पेशंट आले, गेले. तुम्ही मला माफ केलं होतं, की मला कबूल करायला वेळ देत होतात आणि मी ते दोन्ही आठवडे तसेच घालवले, हे मला त्या कागदावरून ठरवता येत नाही. दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी मला सोसवत नाही. बायकोला मी अजून दाखवलेलं नाही. तिच्या लेखी तो डॉक्टर अजूनही बिनकाळजाचा आहे. तो बिचारा निवृत्त होऊन अलेक्झांड्रियाला गेला.

हे पत्र मी मराठीत लिहितो आहे, तुम्हाला एक अक्षर कळलं नसतं. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट इथे लिहून ठेवायला हवी. तुमच्या मुलीनं मेलच्या शेवटी फार सभ्यपणे विचारलं होतं: 'फॉर्मवर तुमची सही दिसते, बाबांना ते ठाऊक होतं हेही दिसतं, तुमचं त्याबद्दल कधी बोलणं झालं होतं का?' मी आज दुपारी तिला उत्तर पाठवलं. हो, म्हणून लिहिलं. 'मीच त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि ते ठीक आहे म्हणाले.'