कासिमाली जिवंत असल्याची बातमी

प्रिय जिपारा,

फोनवर तू मला अर्धं वाक्यही पुरं करू देत नाहीस. 'मी ठीक आहे आजी' म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागद असा मधेच तोडत नाही, म्हणून लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आहे. चार इयत्तांत याहून सरळ येत नाही, तेव्हा नाक मुरडू नकोस.

इकडे बर्फ वितळलं. लाल गायीला कालवड झाली, आईसारखीच हट्टी. शाळेच्या ग्रंथालयाला तू गेल्यापासून कुलूप आहे.

तू मोठ्या वर्गातल्या पोरांना नक्की काय शिकवतेस, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ग्रंथालयातली बाई पुस्तकं देते, परत घेते, धूळ झटकते, एवढंच ठाऊक. तू म्हणालीस, पुस्तकात, टीव्हीवर, फोनवर जे येतं ते पारखायचं कसं, ते शिकवते. त्यासाठी हेडमास्तर तुर्दुबेककडे आठवड्याला एक तास मागितलास. तो म्हणाला, "बाई, वेळापत्रकात सुई खुपसायला जागा नाही. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा डोक्यावर आहे. तुमची ती पारख परीक्षेत विचारतात का?" दुसरी असती तर घरी येऊन उशी भिजवली असती. तू इतिहासाच्या मास्तरांकडून तासाचं शेपूट मागून घेतलंस. बर्फाने मैदान बंद झालं तेव्हा कवायतीच्या मास्तरांना गाठलंस. तेही पुरेना, तेव्हा मधल्या सुट्टीत लापशीच्या रांगेपुढे जाऊन उभी राहिलीस, हातात फोन आणि त्यावर कुठल्याशा पुराचा फोटो. "हा पूर कुठला? पाहिला कुणी? पहिल्यांदा सांगितलं कुणी?" स्वयंपाकीण साकेन ओरडायची, "अगं बाई, पूर राहू दे, इथे माझी लापशी गोठली!" पोरं गार लापशी खात त्या फोटोतल्या झाडांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून भांडत होती. मी लोणी पोचवायला आले होते, तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. तोंडावर कौतुक केलं नाही. कौतुकाने पोरी बिघडतात.

वसंताच्या तोंडावर तुर्दुबेकने रांगेतलं शिकवणंही बंद केलं. "रांग सरकत नाही, सराव बुडतो." मग राजधानीच्या मोठ्या ग्रंथालयाचं बोलावणं आलं आणि तू गेलीस. मी अडवलं नाही. ज्या घरात बसायला जागा देत नाहीत, तिथे उभं तरी किती राहायचं?

आता ऐक, इथे काय झालं. मंगळवारी सकाळी सगळ्या भावकीच्या फोनवर निरोप आला, की खिंडीपलीकडचा आपला कासिमाली गेला. खाली त्याचा टोपीतला फोटो. माझा चुलतभाऊ, तुर्दुबेकचा सख्खा मामा. आपली रीत तुला माहीत आहे. मयताच्या घरी फोन करून 'खरंच गेले का' असं विचारणारा म्हणजे जिवावरच उठलेला. बातमी आली की रडत निघायचं. मी डोक्याला काळा रुमाल बांधला, भावकीतल्या सुना जमवल्या. तेवढ्यात शेजारची बेगिमाय आली, तुझ्या लापशीच्या रांगेतली, अकरावीची. म्हणते, "आजी, हे पाहिलं कुणी?" मी म्हटलं, "मरण काय बघून यायचं असतं, कार्टे? रड!" ती काही रडली नाही. धावत तुर्दुबेकच्या गाडीपाशी गेली. "सर, थोडं थांबा, विचारून बघते." तो खेकसला, "पोरी, आता वेळ नाही!" मयताच्या घरी न्यायचा मेंढा मागे बांधलेला, गाडी सुटली खिंडीकडे.

रीत त्या पोरीलाही कळते. तिने कासिमालीच्या घरी फोन केलाच नाही. त्याच्या घरासमोरच्या दुकानदाराला लावला, आणि मेला का हेही विचारलं नाही. विचारलं काय, तर "काका, समोरच्या अंगणात लोकरी नमद्याचा तंबू उभारलाय का?" आपल्यात माणूस गेल्यावर पहिला तंबूच उभा राहतो ना! दुकानदार म्हणाला, "तंबू कसला? कासिमाली आत्ता मीठ घेऊन गेला. पिशवी फाटकी निघाली म्हणून माझ्या बापाचा उद्धार केलाय त्याने." मी रुमाल सोडला आणि चहा टाकला. नंतर कळलं, त्याच्याही पुढच्या खोऱ्यातला दुसराच कुणी कासिमाली गेला होता. आपल्या माणसाचा फोटो चिकटवणारा शहाणा अजून सापडलेला नाही.

पण खिंडीत फोन लागत नाही, तुर्दुबेकला कळवणार कसं? तो कासिमालीच्या फाटकापासून दूरवरच उतरला, कमरेत वाकला आणि रीतीप्रमाणे डोंगर हलेल असा आक्रोश करत निघाला, "माझ्या आधारा! माझ्या पहाडा रे!" आतून कासिमाली अनवाणी धावत आला. त्याला वाटलं, आपल्याच घरातलं कुणी गेलं. तोही गळा काढून रडायला लागला. मामा-भाचे गळ्यात गळा घालून पोटभर रडले. मग कासिमालीने डोळे पुसत विचारलं, "भाच्या, पण गेलं कोण?"

तुर्दुबेक म्हणाला, "मामा, तुम्हीच."

काल तो माझ्याकडे आला होता. भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. म्हणाला, "मावशी, गुरुवारचा पहिला तास जिपाराबाईंना दिलाय. माझ्या बीजगणितातला." मी म्हटलं, "आणि परीक्षा?" म्हणतो, "जिवंत मामाला रडून आलो. ज्या पोरीला थांबायला सांगायची मुभा नव्हती, तिला कळलं आणि मला कळलं नाही. आता काय परीक्षेचं सांगता? जिपाराबाईंना मी कुठल्या तोंडाने लिहू? तुम्ही लिहा."

म्हणून हे पत्र. तिथल्या कायमच्या नोकरीच्या कागदावर तू सही करायच्या आत पोचावं म्हणून उद्याच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. पण नुसत्या माझ्या शब्दावर येऊ नकोस. वेळापत्रक कचेरीच्या दारावर लागलंय, इतिहासाच्या मास्तरांना विचार, साकेनला विचार. आणि सांगणाऱ्या बाईचा यात काय लाभ, हेही तू विचारशीलच. तर लाभ आहे. मी इथे एकटी जेवते आणि घास उतरत नाही. तेवढं वजा कर, आणि उरेल त्यावर ठरव.

तुझीच, तिखट तोंडाची,
बुरुल आजी