बाबांचा सोडलेला हात

दादा,

हे पत्र टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

डॉक्टर म्हणाले होते, आता मशीन नको, शांतपणे जाऊ द्या. तू सातासमुद्रापारून फर्मावलंस, "काहीही करा, बाबांना जगवा." उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. घशातली नळी ओढतील म्हणून हात पलंगाला बांधलेले.

शेवटच्या दिवशी तुझा व्हिडिओ कॉल आला. सिस्टरनी त्यांचा एक हात सोडला. वाटलं, आता नळी उपटतात. त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि फोन ढकलून दिला.

तुला म्हटलं, रेंज गेली. रेंज चांगली होती.

'बाबांनी जाताना मला पाहिलं,' असं सगळ्यांना सांगत फिरतोस. पाहिलं रे. नीट पाहिलं.

तुझ्यासाठी खोटं बोललेली,
धाकटी